मनोहरभाऊंचा आवाज

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. मी गच्चीवर कुरडया उलटत होते. खालून सुखदेवने हाक मारली. सुखदेव आमच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला, एरवी हाक मारतो ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाते, पण त्या दिवशी गच्चीपर्यंतही नीट आली नाही. "कमलबाई, जराशा खाली या न." मी म्हटलं, काय असेल ते तिथूनच सांगा, माझे हात चिकाचे आहेत. तर तो सायकल धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मनोहरभाऊ गेले..." मी उरलेल्या कुरडया उलटल्या. खरंच उलटल्या, एकही सोडली नाही. मग खाली आले, हात धुतले, आणि मला जो संताप आला, तो आज इतके आठवडे झाले तरी उतरलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. चांगलंच लिहिते आहे. पण गोड लिहिणं माझ्याने व्हायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी सत्तरच्या आसपास नागपुरात चौदा एप्रिलचे कार्यक्रम ऐकले असतील त्यांना मनोहरभाऊ आठवतील. हिंगण्याच्या कारखान्यात कामाला, राहायला नंदनवन वस्तीत. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट तालमीला यायचे, अंगाला तेलाचा वास, खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमच्या दोघांच्याही घरांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, दोघंही भीमगीतांवरच वाढलेलो. आम्ही सवाल-जवाब गायचो. मी एक ओळ टाकायची, त्यांनी ती उचलायची. कसा होता तो गळा? जाड नव्हता, पातळही नव्हता. वरच्या सुरावर जाताना किंचित खरखरायचा आणि मग एकदम मोकळा व्हायचा. त्या खरखरीसाठी माणसं पुढे सरकून बसायची. मी कितीदा म्हटलं असेल, "भाऊ, तो खर्रा थुका न आधी, गळ्याचा सत्यानाश करून राहिले तुम्ही." ते हसायचे. "अवं कमल, याच्यानंच तर आवाजाले धार येते. तुले काय कयते?" असे हजरजवाबी. मी चिडायची, ते हसायचे, आणि स्टेजवर चढलो की सगळं भांडण गाण्यात मिटायचं.

आली धार. घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि गळ्याला एक भोक ठेवलं, श्वासापुरतं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा शांतावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पोट्ट्यांची शाळेची पाटी आणून उशाशी ठेवली होती. मनोहरभाऊंनी पाटीवर लिहिलं, "काहून रडून राहिली? मी मेलो का?" मी म्हटलं, नाही मेले. मनात म्हटलं, पण जे मेलं ते काय कमी आहे?

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट शोधली ती स्वतःचा आवाज. कुठे तरी भरलेला असेल न! आमच्या कार्यक्रमांच्या तेव्हा कोण कॅसेटी काढतो? एक निघाली होती, एकुलती एक. ती ऑर्केस्ट्राच्या मालकाकडे होती. आम्ही दोघं ती ऐकायला गेलो. लावली, आणि आतून क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. कोण्या शहाण्याने आमच्या गाण्यावर मॅच भरून टाकली होती. मालक म्हणाला, "अरे, मुलांनी केलं असेल." जसं काही वाटीभर साखर सांडली! मनोहरभाऊंनी ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मधे कुठे तरी एखादी ओळ उरली असेल या आशेने. नव्हती उरली.

त्यानंतर कधी तरी मुंबईचा एक मोठा ऑर्केस्ट्रा नागपूरला आला, आम्ही दोघं ऐकायला गेलो. त्यांच्याकडे सिंथेसायझर होता. आता पोट्टेसुद्धा ओळखतात, तेव्हा आम्ही नावही ऐकलं नव्हतं. पेटीपेक्षा जरा मोठं काळं खोकं, पुढे पट्ट्या, वर बटनं आणि सरकत्या खुंट्यांची ही गर्दी, आणि डाव्या हाताला एक चाक. एका वेळी एकच सूर वाजायचा, दोन पट्ट्या दाबा नाहीतर चार. वादकाने चाक हळूच ढकललं तसा सूर जागेवरून निघून वरच्या सुरापर्यंत सरकत गेला, थेट माणसाचा गळा जातो तसा. मनोहरभाऊंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. त्यांच्या गळ्याच्या भोकातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

त्या वादकाला नवीन मशीन घ्यायचं होतं. मनोहरभाऊ त्याच्या मागे लागले आणि जुनं नंदनवनात घेऊन आले. कसं आणलं ते विचारू नका. शांतावहिनी आजही सांगत नाहीत.

या यंत्राबद्दल एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आताच्या कीबोर्डांत आवाज आधीच भरलेले असतात, बटन दाबलं की बासरी, बटन दाबलं की सनई. यात तसं काही नव्हतं. प्रत्येक आवाज बटनं फिरवून, खुंट्या सरकवून घडवायचा. एक बटन नखभर इकडचं तिकडे झालं की आवाज गेला. यंत्र काहीच लक्षात ठेवत नव्हतं. आणि त्यात मनोहरभाऊ शोधत होते स्वतःचा आवाज. शब्द नाहीत, नुसता 'आ'कार, पण त्यांचा. शिफ्टवरून आले की बसायचे. मी गेले की वाजवून दाखवायचे आणि पाटी पुढे करायचे, "हा का?" मी म्हणायची, "नाही भाऊ." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "नाही."

एकदा मी वैतागून म्हटलं, आम्हाला काय विचारता, तुमचा आवाज तुम्हाला माहीत नाही का? त्यांनी पाटी पुसून लिहिलं, "मले माहा आवाज आतून माहीत हाये. बाहेरून फक्त तुमाले." खरंच होतं ते. बाहेरून तो ऐकून ध्यानात ठेवणारी माणसं आम्हीच उरलो होतो, मी आणि वहिनी. बाकी लोकांना गाणी आठवत होती. गळा कोणाला आठवतो?

सापडला. हो, सापडला. फाल्गुनातली सकाळ होती, मी त्यांच्याकडे सहज डोकावले होते. ओट्यावर पाय ठेवला आणि आतून मनोहरभाऊ गाऊन राहिले होते. मायबाई! मी दारातच थिजले. तीच वरच्या सुराखालची खरखर, आणि मग तेच मोकळं होणं. शांतावहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. भाऊंनी पाटी पुढे केलीच नाही. आमच्याकडे पाहून त्यांना कळलं. त्या दिवशी मी सवाल टाकला आणि कित्येक वर्षांनी मला जवाब आला. आम्ही तिघंही रडलो, हसलो, वहिनींची भाजी करपली.

मग भाऊंनी जुनी चुन्याची डबी काढली. खर्रा सुटला होता, डबी सुटली नव्हती. काडीने प्रत्येक बटनाशी, प्रत्येक खुंटीशी चुन्याचा ठिपका दिला, आवाजाची जागा कळावी म्हणून. ठरलं, येत्या चौदा एप्रिलला वस्तीतल्या कार्यक्रमात मनोहरभाऊ गाणार. लोकांना आधी सांगायचं नाही. मी ओळ टाकणार, आणि ते उचलणार.

पण नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. मार्चच्या शेवटीच पारा चढला आणि यंत्र तापलं की सूर हलायला लागला. सकाळी जुळवावा, दुपारी पाव सूर चढलेला. भाऊ कासावीस. आता सूर घसरतो म्हटल्यावर आपण नागपूरची माणसं काय करणार? कूलर लावणार! तापलं की कूलर, याच्यापुढे आपली अक्कल जात नाही. घरात एकच कूलर होता, माणसांच्या खोलीतला. तो उचलून यंत्रासमोर ठेवला, नवीन वाळ्याचे ताटे लावले, टाकी भरून ठेवली. पोट्टे घामोळ्यांनी फुललेले, वहिनी पदराने वारा घेत, आणि यंत्र मात्र थंडगार झुळकेत. सूर हलायचा थांबला. शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, "भल्ली आयडिया केली गा मनोहर!" मलाही पटलं होतं. कोणालाच वाटलं नाही की त्या गार हवेतून पाणीही आत जाऊन राहिलं आहे.

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी यंत्र चालू केलं तर आतून कढईत फोडणी पडल्यासारखा आवाज. चरचर, चरचर, आणि मग काहीच नाही. भाऊ रिक्षात घालून ते सदर बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. पाटीवर लिहिलं, "बटनं हलवू नका." त्या माणसाने मान डोलावली. बरा माणूस, हिंदी बोलणारा, त्याला मराठी अक्षर किती लागलं देव जाणे. म्हणाला, शाम को आना.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. भाऊ परत आले, गोधडीतून यंत्र काढलं. इतकं चकचकीत की मी म्हटलं, "अरे वा, कसं नव्यासारखं केलं हो!" भाऊ उभेच होते. मग पाटी घेतली आणि दोनच शब्द लिहिले. "चुना पुसला."

बटनांमधे गंज धरला होता. तो काढायचा तर औषध सोडून प्रत्येक बटन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसावं लागतं. त्याने ते मन लावून केलं. आणि पांढरे डाग दिसले ते स्पिरिटने पुसले. वर अभिमानाने भाऊंना म्हणाला, "बड़े भाई, चूना-वूना लगा था सब तरफ, साफ कर दिया. एकदम नया माल!" यंत्र उत्तम चालत होतं. कोणताही आवाज काढा. एक सोडून.

मी सदरला जाऊन त्या माणसाचं दुकान डोक्यावर घ्यायला निघाले होते. भाऊंनी माझी पिशवी धरली. मान हलवली, नाही. त्याचं काय चुकलं? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त जाळते. कोणावर ओरडू ते तरी मिळायला पाहिजे होतं.

चौदा एप्रिलला ते स्टेजवर बसले. मी ओळ टाकली. त्यांनी दुसराच, बासरीसारखा गोडगोड आवाज लावून जवाब दिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, पुन्हा वाजवा म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत! मी पुढची ओळ कशी गायले ते मला आठवत नाही. भाऊ उतरले ते परत कधी स्टेजवर चढले नाहीत.

नंतरचं वर्ष मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. नोकरी सुटली. ते दिवसभर यंत्रापुढे. बटन फिरवायचं, वाजवायचं, पाटी. "हा का?" नाही. "हा?" नाही, भाऊ. जवळ आलाय, पण नाही. मग जवळही येईना. दुखणं परत उलटलं, गळ्याखाली गाठ आली, जेवण बंद झालं, तरी बसायचे. सुखदेव मला म्हणाला, "हाव म्हणून टाका न बाई, त्याच्या जिवाले शांती." मला नाही म्हणवलं. त्या माणसाला दुसऱ्याचा आवाज देऊन निरोप द्यायचा? आणि त्याला कळलं नसतं का, माझं तोंड पाहून? शेवटच्या दिवसांत त्यांनी पाटीवर लिहिलं, अक्षर वाकडं झालं होतं, "बाहेर काहीच नाही ठेवलं मी." मी वाचलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. खरंच काही नव्हतं ठेवलेलं. एक आवाज होता, तो दोनदा गेला.

परवा मी नंदनवनात गेले. शांतावहिनी यंत्रापुढे बसल्या होत्या. जन्मात कधी पेटीला हात लावला नव्हता त्या बाईने. एका बोटाने पट्टी दाबून धरलेली, दुसऱ्या हाताने बटन फिरवून राहिल्या होत्या. हळूहळू, थांबून थांबून, कान देऊन. मला पाहून म्हणाल्या, "ये वं, बस. हे आयक जराशी."

मी ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. तो फाल्गुनातला सूर आठवायचा प्रयत्न केला, त्याच्याही आधीचा स्टेजवरचा गळा आठवायचा प्रयत्न केला. खरखर होती, हे मला माहीत आहे. मोकळा व्हायचा, हेही माहीत आहे. तुम्हाला आत्ताच लिहून सांगितलंय न मी! पण कानात काही येईना. नुसते शब्द येत होते.

"वहिनी," मी म्हटलं, "मले त्यायचा आवाज आठवूनच नाही राहिला."

शांतावहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टीवरचं बोटही उचललं नाही.

"मलेही नाही वं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बटन फिरवलं.