ताडावरची आणि व्हरांड्यातली

माझं शुद्धलेखन चौथीपुरतंच आहे आणि अक्षर खिचडी ढवळल्यासारखं. माफी असावी, तशी वाचणारीही मीच.

मी शाळेत खिचडी शिजवते. शाळा रंगवायला येणाऱ्या माणसाला दरवर्षी पाहते, पण नाव विचारायचा धीर झाला नाही. तो भिंतीकडे पाहून बोलतो आणि शेवटचा शब्द दोनदा म्हणतो. यंदा त्यानं व्हरांड्याचा एक कोपरा सोडला. तिथं पाकोळ्यांच्या घरट्यांत पिल्लं होती.

हेडसर चिडले. मी जन्मात कधी नाही ते तोंड उघडलं, "पाडा ना घरटी, सर. ह्याच पाकोळ्या मांगच्या ताडावर राह्यतात. जातीन तिथं."

"ताडावरची येगळी हाय, बाई, येगळी," तो भिंतीला म्हणाला. "तिची शेपटी कैचीवानी. हिची आखूड, अन् पाठीवर पांढरा पट्टा. हे ताडावर नाही जात, नाही जात."

"बाईले समजते, तुलेच नाही का?" म्हणत सरांनी त्याचे दोनशे रुपये कापले. घरटी मात्र त्यानं पाडली नाहीत.

दोन दिवस मी मान वर करून पाहिलं. खिचडी करपली, पण पट्टा दिसला.

सरांना सांगायची हिंमत नव्हती. तो दर बाजाराला पिल्लं पाहायला यायचा, तेव्हा मी पन्नासची नोट पुढं करायची.

"काऊन देता, बाई, काऊन?"

"चुकी माही," मीही भिंतीलाच सांगितलं.

चौथ्या बाजाराला घरटी रिकामी होती. त्यानं कोपरा फुकट रंगवला. मी शेवटचे पन्नास दिले. दोनशे पुरे झाले.