भिणारे स्वामी सर

‘सगळं ठीक चाललंय’ असं कुणी म्हटलं की स्वामी सरांचा चेहरा उतरायचा. “ठीक हाय म्हंजे कुणी बघतच न्हाय,” म्हणत ते चष्मा पुसायला लागायचे. कळंबच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला कॉम्प्युटर शिकवला, आणि त्यासोबत ही भीतीही.

पुढे मी गावातल्याच एका रुग्णालयात कॉम्प्युटर सांभाळायला लागले. रुग्णांचे रिपोर्ट, औषधं, रक्तगट, सारं एका सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती कॉम्प्युटरवर; आणि तो चालायचा एका कंपनीच्या मोफत लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर. एके दिवशी कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी घाबरून सरांकडे धावले. तोवर जगभरातल्या काही लोकांनी कुणालाही वापरता येणारा त्याचा खुला कोड घेऊन तसंच लिनक्स स्वतः बांधायला घेतलं होतं. निवृत्त झालेले सर त्यांच्यात सामील झाले होते. सुरक्षेची दुरुस्ती सगळ्यांना पाठवण्याआधी ती जुन्या मशीनवर चालवून बघायची, हे त्यांचं काम.

रुग्णालयाचा सर्व्हर आम्ही त्या नव्या लिनक्सवर नेला. मला हायसं वाटलं, सरांना नाही.

“ह्ये लिनक्स समाज सांभाळतो म्हणत्यात. समाज म्हंजे कोण गं? ह्या कामाला आमी तिघंच. एक पोलंडची बाई, एक ब्राझीलचा गडी आन् म्या. बाईला नवी नोकरी लागली, ती आता येत न्हाय.” त्यांचा आवाज खाली यायचा. “लई भ्याव वाटतं.”

मग सरांना हृदयविकाराचा झटका आला. आमच्याच रुग्णालयात त्यांना दाखल केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली: त्या लिनक्समध्ये भोक सापडलंय, त्यातून कुणीही सर्व्हरमध्ये घुसून सगळं कुलूपबंद करू शकतं. दुरुस्ती तयार होती, पण तपासायला कुणी नव्हतं. ब्राझीलहून उत्तर येत नव्हतं. मी वॉर्डात गेले.

सरांच्या नाकात नळी होती. “पहिलं बाहेरच्या इंटरनेटची वायर काढ. मग माझ्या घरी जा. तूच तपास.”

“मला भीती वाटते, सर.”

“वाटू दे. जिला वाटत न्हाय, तिच्या हातात म्या दिलं नसतं.”

वायर काढून मी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत दोन जुनी मशीन होती. एकावर दुरुस्ती चढवली, मशीन बंद करून चालू केलं. ते उठेचना. काळा पडदा. “बिघडलं का गं?” सरांच्या पत्नीनं, काकूंनी, दारातून विचारलं. हे असंच सगळीकडे गेलं असतं तर किती रुग्णालयं एका वेळी आंधळी झाली असती! पडद्याचा फोटो काढून मी लिनक्स बांधणाऱ्या त्या मंडळींना पाठवला. तासाभरात केनियातल्या एका अनोळखी बाईनं चूक शोधून दुरुस्ती सुधारून दिली. दुसऱ्या खेपेला मशीन उठलं. दिवस मावळायच्या आत दुरुस्ती सगळ्यांना गेली, आमच्या सर्व्हरवरही चढली.

“चाललं?” मी वॉर्डात परतल्यावर सरांनी विचारलं.

“चाललं. पण पहिल्यांदा बंद पडलं होतं.”

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. “ते कधी लपवू नकू,” ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सर गेले.

महिन्याभरानं काकूंनी दोन्ही मशीन माझ्या घरी पाठवून दिली. मी ती जोडली, तर त्या मंडळींचा निरोप येऊन पडला होता: ‘नवी दुरुस्ती तयार आहे. कळंबहून निकाल आल्याशिवाय पुढे पाठवणार नाही.’

कळंबला आता मी एकटीच होते. खुर्ची पुढे ओढून मी पहिलं मशीन चालू केलं.