क्लचताईंचा आवाज बसला तेव्हा

त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना क्लचताईच म्हणत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "क्लच हळू... हळू... अहो, हळू म्हणजे हळू!" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसभरात इतक्या वेळा निघे, की दुसरं नाव कुणाला सुचलंच नसतं.

मी त्यांच्याकडे गेले ती पन्नाशीला टेकल्यावर, आणि तेही हौस म्हणून नाही. आमच्याकडे गाडी हेच चालवायचे. मग यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मुलगी दोन तासांवर राहणारी, तिला नुकतेच दिवस गेलेले. बस वाटेत दोनदा बदलावी लागे आणि यांना पायऱ्यांचा अंदाज येत नसे. "कुणाला तरी सांगू सोडायला," हे म्हणाले. मी म्हटलं, "कुणाला कशाला? मी शिकते." बोलून बसले खरी.

स्कूल म्हणजे एकच खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर आतलं दिसावं म्हणून कापून ठेवलेला जुना गिअरबॉक्स. मालकांना सगळे सर म्हणत. सर मोठे उत्साही गृहस्थ. ते नुकतेच एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि तिथलं सगळं त्यांच्या डोक्यात ताजं होतं. काही माणसं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. ज्याची जी वाट, त्याच वाटेने त्याला शिकवायचं. त्यांनी मला विचारलं, "नवीन ठिकाणी जायचं असेल तर नकाशा बघता, कुणाला विचारता, की सरळ चालायला लागता?"

"विचारते."

"आणि काम काय करता?"

"हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे."

"मग प्रश्नच मिटला!" सर खूश झाले. "ताई, या कानवाल्या."

क्लचताईंनी ते मनावर घेतलं. शिकवण्यावर त्यांचा जीव होता, त्यामुळे सांगितलेलं काम अर्धवट करणं त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या सीटवर बसल्या की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. "आता आरसा बघा. सिग्नल द्या. क्लच दाबा. दुसरा गिअर. सायकलवाला आहे, असू दे, त्याला जाऊ दे. आता क्लच हळू..." सपाट रस्त्यावर माझं बरं चाले. त्या म्हणत तसं मी करत जाई. पण दवाखान्यामागच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची म्हटलं की घोळ होई. गाडी मागे घसरे, नाहीतर आचके देऊन बंद पडे. क्लचताई त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पाय देत आणि सगळं पहिल्यापासून, आणखी सविस्तर सांगत. दोनदा मी परीक्षेला बसले आणि दोन्ही वेळा चढावरच नापास झाले. परीक्षक गप्प बसे, आणि त्या गप्प गाडीत मला काहीच सुचत नसे.

दुसऱ्यांदा नापास झाले त्याच आठवड्यात क्लचताईंचा आवाज बसला. पार बसला. डॉक्टरांनी कुजबुजायलाही बंदी घातली होती. मला वाटलं, आजचा तास बुडाला. पण त्या गळ्याला मफलर गुंडाळून हजर, आणि हाताने खूण करून म्हणाल्या, चला.

चढावर गाडी थांबवली. मी पुन्हा निघायला गेले आणि व्हायचं तेच झालं. गाडी मागे घसरली, त्यांनी ब्रेक दाबला. मी सवयीने कान टवकारून बसले. काहीच येईना. त्यांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. काय झालं?

"मला काय माहीत?" मी चिडून म्हटलं.

त्या थांबून राहिल्या. मागून एक गाडी हॉर्न देऊन बाजूने गेली. त्यांच्या भुवया काही खाली येईनात.

शेवटी मीच आठवायला लागले. "पाय... ब्रेकवरचा पाय मी आधी काढला. क्लच अजून पूर्ण दाबलेलाच होता. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग माझा डावा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि क्लचकडे बोट दाखवलं. मी पाय थोडा उचलला. तळहाताखाली दांडा थरथरायला लागला, इंजिनाचा सूर जड झाला, बॉनेट किंचित वर आलं. तिथे त्यांनी हात आडवा धरला. थांबा. आणि मग दुसऱ्या हाताने, आता सोडा ब्रेक.

गाडी जागेवर उभी राहिली. मागे नाही, पुढे नाही. मग मी ॲक्सिलरेटर दिला आणि ती मुकाट्याने चढ चढून गेली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की क्लचताई आवाज नसतानाही हसल्या. नुसतेच खांदे हलत होते.

त्या दिवशी आम्ही तो चढ किती वेळा चढलो कोण जाणे. प्रत्येक वेळी वर गेलं की त्या भुवया उंचावत आणि मी काय झालं ते सांगे. जमलं तरी सांगायचं, फसलं तरी सांगायचं.

आवाज परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही कानवाल्या म्हणून मी तुमच्या कानात ओततच राहिले हो. तुम्हाला विचार करायला जागाच ठेवली नाही." मग म्हणाल्या, "मी इथे फोन घ्यायच्या कामाला लागले होते, माहितीये? सरांनीच मला गाडी शिकवली. पहिल्याच आठवड्यात मी शाळेच्या फाटकावर जाऊन आदळले. सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच फाटकापाशी गाडी उभी केली आणि म्हणाले, काल काय झालं ते तुम्हीच सांगा. मला अजून ते फाटक दिसतं."

हे सगळं त्यांनी सरांनाही सांगितलं. सरांना ती फाटकाची गोष्ट आठवतही नव्हती. ते डोकं खाजवत म्हणाले, "म्हणजे डोळे, कान, हात हे नुसतं दार झालं म्हणायचं. आत गेल्यावर सगळंच लागतं." नव्या माणसाला ते तो प्रश्न अजूनही विचारतात, पण त्यावरून कुणाला कानवाला ठरवत नाहीत.

तिसऱ्या वेळी मी पास झाले. परीक्षक गप्पच होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मुलीला कळा सुरू झाल्याचा फोन भल्या सकाळी आला. मी यांना शेजारी बसवून निघाले. घाटासारख्या एका वळणावर ट्रक अडकल्यामुळे रांग लागली होती, ऐन चढावर. थांबा, निघा, पुन्हा थांबा. यांनी घाबरून एकदाही हँडब्रेककडे हात नेला नाही. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा नात जेमतेम तासाभराची होती आणि जावई दारात रडत हसत उभा होता. यांना तिचा चेहरा धूसरच दिसत होता, म्हणून त्यांनी तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुझ्यावर गेलीय."

संध्याकाळी मी क्लचताईंना फोन लावला. आभार कसे मानायचे याची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"पोचलो वेळेवर," एवढंच म्हटलं, आणि मला रडू आलं.

त्यांनी मला रडू दिलं. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.