नऊ हजार नऊशेचा टोप

आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी ती केसांचे टोप विणत असे. सगळे तिला टोपवालीच म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या भाड्याच्या खोलीत एक आरसा, सहा लाकडी डोकी आणि दाराला आतून भक्कम कडी. कडी लागल्याशिवाय कोणी बाई डोक्यावरचा रुमाल सोडत नसे.

एका टोपामागे नऊ हजार हाती पडले, की केस, मजुरी, घरखर्च सुटून पाचशे उरत. ते खोलीच्या नव्या कराराच्या अनामतीसाठी, साठ हजार. बायका हप्त्याने पैसे देत. ते वळते करणारी कंपनी दहा टक्के कापून घेई. म्हणून तिने नऊ हजारांवर नऊशे चढवले आणि पाटी लावली.

वर्षभरात एकशेवीस टोप गेले. करार आठवड्यावर आला, तेव्हा बँकेत एकोणपन्नास हजार दोनशेच निघाले. तिने धाकट्या जावेला बोलावले. जाऊ शाळेत गणित शिकवायची.

"वहिनी, तुम्ही दहा टक्के नऊ हजारांवर धरलेत. ते कापतात नऊ हजार नऊशेंवर. नऊशे नव्वद गेले, हाती आठ हजार नऊशे दहा."

"अगं, चढवले तेवढेच उतरायचे ना?"

"नाही ना! नऊ हजारांना पूर्ण दहा हजार लावायला हवे होते. टोपामागे नव्वद गेले. दुनियेला केस लावता आणि हिशेबालाच टक्कल!"

दोघी हसल्या. मग टोपवालीने एकशेवीसला नव्वदने गुणले आणि हसू विरले.

घरमालकाने ऐकून घेतले. "बाई, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही," म्हणाला. महिनाअखेर खोलीत नवा भाडेकरू, एक शिंपी आला.

लाकडी डोकी तिच्या स्वयंपाकघरात आली. तिथे दार नव्हते, नुसता पडदा. पलीकडे दीर पेपर वाचत बसे. नव्या पाटीवर बरोबर दहा हजार लिहिले होते.

पहिली बाई आली. पडद्याकडे पाहत राहिली.

"रुमाल काढा ना."

"वरूनच घ्या हो माप."

टोपवालीने रुमालावरूनच फीत फिरवली. असा टोप सैल बसणार, हे तिला ठाऊक होते. तिने आकडा लिहून घेतला.