वस्तऱ्याचं पाणी

“ह्याला पाणीच न्हाई,” शेजारी उभे असलेले म्हातारे न्हावी दुकानदाराला म्हणाले. मी हातातला नवा वस्तरा उलटसुलट करून पाहिला. तो कोरडाच असायला हवा, असं मला वाटत होतं.

“पाणी लई हाय, चाचा. नुसती धार लावायची राहिलीय,” दुकानदार म्हणाला. “तुमच्याकडं गिऱ्हाईक न्हाई, म्हणून आमच्या मालाला नावं ठेवून राहिलात.”

पाणी म्हणजे पोलादाचा कस, हे मला हळूहळू उमगलं. पण तो ओळखायचा कसा, ते कळेना. माझ्या हातातला आणि काचेच्या पेटीतला दुसरा, दोन्ही वस्तरे सारखेच चकाकत होते.

भूकंपापासून वडील सलूनच्या स्लॅबखाली बसत नसत. अंगणात स्वतःच दाढी करत. जुना वस्तरा झिजला होता आणि आता त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. म्हणून मी क्लास सुटल्यावर परस्पर लातूरच्या बाजारात आले होते.

“दगडावर लावून, चामड्यावर फिरवून देतो. लगेच दाढीला घ्या,” दुकानदार म्हणाला.

“दोन दाढ्यांत धार मरंल,” चाचा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “कुणाला पाहिजे, बेटा? भावाला?”

मान डोलावून सुटावं, असं वाटलं. पण वडिलांचा गळा डोळ्यांपुढे आला.

“वडिलांसाठी,” मी म्हणाले. “दाढी मीच करणार आहे. आधी कधी केलेली नाही. कोणता घेऊ, ते तुम्ही दोघं मिळून सांगा.”