निरंक कळवलेलं पत्र

पोलिसातल्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो. शहापूरचं विसरता आलं नाही.

तिथल्या एक आक्का आपल्या मागांवर विणायच्या साड्यांच्या काठापदराची नक्षी तयार करायच्या. सासऱ्यांपासूनची सगळी नक्षी त्यांनी संगणकावर चढवली होती आणि जुने कागद रद्दीत घातले होते. एका सकाळी सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. पडद्यावर खंडणीची लाल सूचना होती.

शेजाऱ्याने खबर दिली, की आक्कांकडचं काम सोडून गेलेला संगणकाचा ऑपरेटर आदल्या दिवशी येऊन गेला. त्याला ठाण्यात आणलं.

"पेनड्राइव्ह तू लावलास?"

"व्हय साहेब. निपाणीच्या दुकानातनं आक्कांसाठी डिझाइन आणलतं. आत व्हायरस हाय हे मला काय ठाऊक? आक्कांचं मीठ खाल्लंय मी."

खोटं बोलणारा तपशील वाढवत जातो. हा तेवढ्यावर थांबला. दुकानाच्या संगणकात तोच व्हायरस मिळाला आणि ऑपरेटर सुटला.

आक्कांचा संगणक जप्त केला असता तर वर्षभर मुद्देमालाच्या खोलीत पडला असता. म्हणून तो त्यांच्याकडेच ठेवला आणि प्रयोगशाळेला फक्त कुलूपबंद फायलींचा नमुना पाठवला. अहवालात व्हायरसचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, फायली उघडण्याचा उपाय नाही. मी आक्कांना तसं सांगितलं.

त्याच आठवड्यात राज्याच्या सीमेपलीकडच्या ठाण्याचं पत्र आलं. अमुक नावाच्या व्हायरसचे गुन्हे असल्यास कळवा, कुलूप काढणारा प्रोग्रॅम मिळाला आहे. हवालदाराने नोंदवही चाळली.

"ह्या नावाचं आपल्याकडं कायबी न्हाय, साहेब."

"मग निरंक कळवा," म्हणून मी सही केली.

तीन महिन्यांनी निपाणीत दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली. पलीकडच्या अधिकाऱ्याने त्यांच्या गुन्ह्यातल्या लाल सूचनेचा फोटो दाखवला. शब्दन् शब्द तोच होता. व्हायरस पकडणारी प्रत्येक कंपनी त्याला स्वतःचं नाव ठेवते, हे मला तिथे कळलं. त्यांनी एका कंपनीने ठेवलेलं नाव घेतलं होतं, आमच्या प्रयोगशाळेने दुसरीने ठेवलेलं.

प्रोग्रॅम घेऊन तडक शहापूर गाठलं.

"उशीर केलासा साहेब," आक्का म्हणाल्या. "उपाय न्हाय म्हणून तुम्हीच सांगितलासा न्हवं? गेल्या महिन्यात संगणकावरचं सगळं पुसून घेतलं."

मी दोन नावांचा घोळ सांगितला.

"एकाला दोन नावं असत्यात, हे पोलिसांना ठाऊक न्हाय व्हय?"

भुरट्या चोराच्या नोंदीतही आम्ही 'उर्फ' घालून चार नावं लिहायचो. इथे शिक्क्यासह आलेलं एक नाव पुरेसं मानलं. पलीकडे एक फोन करून सूचनेचा मजकूर विचारला असता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. हवालदाराने सांगितलेलं काम केलं होतं. चूक माझी होती.

निवृत्तीपूर्वी मी वरिष्ठांना लिहिलं, की व्हायरसचं एकच नाव ठरवावं. तोवर सगळी नावं नोंदवहीत घ्यावीत. उत्तर आलं नाही. खंडणी मागणारा सापडला नाही.

आक्कांच्या मागांवर तेव्हापासून विकत आणलेली नक्षी चढते.