हेल्लेचा धक्का आला का?

हेल्लेच्या फेरीबोटीवर बोर्गहिल्डला एकतीस वर्षं झाली होती. कामं दोनच. टपरीत स्वेले भाजायचं, म्हणजे लोणी-साखर लावून दुमडलेलं जाडसर घावन, आणि किनारा जवळ आला की पिठाचे हात पुसून माइकवर सांगायचं, "हेल्लेचा धक्का आला आहे." सूर या खाडीकाठच्या सगळ्यांचा असतो तोच, मध्ये चढणारा आणि शेवटी खाली येणारा. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात शिरावी तसं तिचं वाक्य जागेवर जाऊन बसे. मग गाड्या सुरू होत आणि माणसं उतरत.

मार्चमध्ये कंपनीने तिच्याकडून माइक काढून घेतला आणि यंत्र बसवलं. यंत्रातली बाई राजधानीकडची. तिकडे साधं विधानसुद्धा शेवटी वर चढतं. पाऊस पडतोय हेही परवानगी मागितल्यासारखं सांगतात. टपरीशेजारी एक पेटी टांगली गेली. ज्याला यंत्राबद्दल तक्रार असेल त्याने महिनाभरात लेखी टाकावी, नाहीतर यंत्र कायम.

पेटी रिकामीच राहिली. इथल्या माणसाचं घर वाहून गेलं तरी तो 'जरा ओल आली' म्हणेल. तो तक्रार काय लिहिणार? आणि कौतुक म्हणाल तर 'वाईट नव्हतं' याच्या वर इथे शब्दच नाही. तोही बोर्गहिल्डच्या आईने आयुष्यात एकदाच, स्वतःच्या लग्नात ऐकला होता. हे सगळं बोर्गहिल्डला ठाऊक होतं, तरी जीव तुटायचाच. एकतीस वर्षांत आपला आवाज एकालाही हवासा वाटला नाही, मग आपण केलं तरी काय, या विचारात घावन करपायचं.

भानगड मात्र पहिल्याच दिवशी झाली होती. यंत्र म्हणालं, "हेल्लेचा धक्का आला आहे", आणि शेवटचा शब्द वर नेऊन तिथेच सोडून दिला. गाड्या उतरायची फळी धक्क्यावर टेकली, पण एकही गाडी हलेना. सगळ्यात पुढे मेंढपाळ ओडवारची गाडी होती. खलाशाने काच ठोकली.

"ती विचारतेय," ओडवार म्हणाला. "मी कोण सांगणारा? माझ्या मागं बावीस गाड्या आहेत."

मागच्या बावीस जणांचं म्हणणं, पुढच्याने ठरवावं. समोर गोदामावर माणसाएवढ्या अक्षरांत 'हेल्ले' लिहिलेलं होतं. ते सगळ्यांनी वाचलंही. पण विचारणाऱ्याला उत्तर न देता निघून जाणं बरं दिसत नाही. शेवटी बोटीची परतायची वेळ झाली आणि सगळे जसेच्या तसे पलीकडे परत गेले. दुसऱ्या दिवसापासून कप्तान भोंगा वाजवून वाजवून गाड्या उतरवू लागला. तरी अर्ध्या राहूनच जात.

कंपनीने एस्किल नावाचा तंत्रज्ञ धाडला. भिडस्त माणूस. शब्द तेच ठेवून त्याने यंत्राचा सूर बदलून पाहिला. गाण्यासारख्या स्वीडिश सुरावर लोक पुढच्या कडव्याची वाट बघत बसले. डॅनिश सुरात यंत्राचा घसा शब्दाशब्दाला अडकू लागला, तेव्हा खलाशी पाण्याचा ग्लास घेऊन कर्ण्याकडे धावला. फिनिश सूर लावला, पहिल्या अक्षरावर जोर आणि पुढे सगळं सपाट; मयताची बातमी समजून गाड्यागाड्यांत टोप्या उतरल्या. तावातावाच्या इटालियन सुरावर दोघांनी माफी मागितली, कशाची ते त्यांनाही सांगता येईना. शेवटी त्याने मूळचाच सूर परत लावला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पेटी उघडली. आत काही नव्हतं. बोर्गहिल्ड एस्किलसाठी स्वेले घेऊन गाड्यांच्या मजल्यावर उतरली, तेव्हा तो ओडवारच्या काचेशी हात जोडायच्या बेतात होता.

"काका, एक ओळ लिहिली असतीत तर यंत्र काढलं असतं हो."

"तक्रार कसली? बाई सभ्य आहे, विचारून उतरवते. फक्त उत्तर द्यायला माणूस हवं."

"कोण माणूस?"

"बोर्गहिल्डला विचार. तिला माहीत असतं. एकतीस वर्षं ती म्हणाली म्हणून उतरलो. एकदाही पाण्यात पडलो नाही."

बोर्गहिल्डने बशी एस्किलच्या हातात कोंबली. आपण गाड्यांमध्ये उभ्या आहोत हे तिला एकदम अवघड झालं.

एस्किलने कपाटातून जुना माइक काढला. यंत्र आता कायम होतं, म्हणून अट एकच. वाक्य यंत्र म्हणणार, बोर्गहिल्डने फक्त दुजोरा द्यायचा. महिनाभर घरी, भांडी घासताना तिने ते वाक्य घोटलं होतं आणि आता वाट्याला आला एकच शब्द. यंत्राने विचारलं. तिने माइक तोंडाशी धरला. मग इकडच्या बाया म्हणतात तसं तिने श्वास आत ओढतच 'हो' म्हटलं. कर्ण्यातून वाऱ्याचा एवढासा घोट ऐकू आला.

तेवीस गाड्या एकदम सुरू झाल्या.

परतीच्या फेरीला ओडवार टपरीवर आला. उभ्याउभ्या त्याने स्वेले खाल्लं, सगळं संपवलं, बोटं पुसली.

"वाईट नव्हतं," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला.

स्वेले तर त्या दिवशी पार कोळसा झालं होतं.